जाळ्याला मालक हवा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये हौशी माणसालाही खेकड्याच्या सापळ्यावर नाव-पत्ता आणि तरंगता बोया लावावाच लागतो. आपल्या गोंदियात? इटियाडोह धरण असो वा गावोगावचे माजी मालगुजारी (मामा) तलाव, जाळे कोणाचे हे पाण्यालाच ठाऊक! खूण म्हणून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. ती सुटली की नायलॉनचे जाळे बुडाशी जाते. ते कुजत नाही. मासे, झिंगे, कासवे मारतच राहते. नुकसान तलाव ठेक्याने घेणाऱ्या मासेमार ढिवर बांधवांच्या संस्थांचेच. त्यामुळे दंडाचा बडगा नंतर. आधी मत्स्यव्यवसाय विभागाने संस्थांना क्रमांक घातलेले बोये फुकट द्यावेत आणि उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा बेवारस जाळी काढून घ्यावीत.