गिरिपुष्प बांधावरच बरं

फेब्रुवारी लागला की पुण्याच्या टेकड्या गुलाबी होतात आणि माझ्या फोनवर ‘आपला चेरी ब्लॉसम’ म्हणून फोटोंचा मारा सुरू होतो. झाड देखणं आहे, वादच नाही. पण गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. वेताळ टेकडी, तळजाई हिरवी करायच्या नादात ते लावलं गेलं ते लावणाऱ्याच्या सोयीसाठी: फांदी खोचली की जगते, पाणी मागत नाही, गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

परवा सोसायटीच्या बैठकीत बागकामाच्या कंत्राटदाराने हेच गुण सांगत मागच्या कुंपणालगत गिरिपुष्प सुचवलं. मागे थेट टेकडीच. मी नको म्हटलं, तर ‘काकू, झाडाला कसला विरोध?’

विरोध शेंगांना आहे. उन्हाळ्यात भर दुपारी टेकडीवर कान देऊन उभं राहा. वाळलेली चपटी शेंग तडकते, दोन्ही सालं पीळ घेतात आणि आतल्या तपकिरी चकत्या लांब उडतात. आमचं कुंपण त्यांना काय अडवणार? पावसात त्यांची रोपं उगवतात, पुढे दाटी होते आणि उघडं ऊन लागणारी कुसळी, पवन्या ही गवतं मागे हटतात. गवत गेलं की चंडोल, तित्तर तिथे कशाला थांबतील? बरं, सावलीची खरी गरज असते तेव्हा हे झाड निष्पर्ण!

शेतकरीही गिरिपुष्प लावतो, पण बांधावर. पाला छाटून हिरवळीचं खत करतो, मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. तिथे वरचेवर कोयता चालतो, म्हणून झाड आवाक्यात राहतं. टेकडीवर कोयता कोण चालवणार?

कमी पाण्यावर फुलणारीच झाडं हवीत तर पळस आहे, पांगारा आहे, बहावा आहे. गणेर तर खडकाळ उतारावर पिवळाधमक फुलतो. ‘नर्सरीत मिळत नाहीत’ हे मी नेहमी ऐकते. कोणी मागतच नसेल तर नर्सरीवाला वाढवेल कशाला?

आहेत ती झाडं सरसकट तोडा, असं मी म्हणत नाही. उघड्या उतारावरची माती वाहून जाईल, आणि तोडलेला बुंधा पुन्हा फुटतोच. पावसाळ्यात माती ओली असताना कोवळी रोपं मुळासकट उपटावीत आणि जागा मिळेल तिथे देशी झाड लावावं. यंदा वृक्षारोपणाचं बोलावणं आलं, तर फोटोआधी खड्ड्याशेजारचं रोप बघा. गिरिपुष्प असेल तर परत पाठवा.