रस्ता कुणाच्या खात्यावर?

घरात नवी मोटार आली की पेढे वाटले जातात, बॉनेटवर स्वस्तिक काढले जाते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. मध्यमवर्गीय कुटुंबातला तो आनंदाचा दिवस, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न सुरू होतो तो त्याच रात्री. गाडी ठेवायची कुठे? उत्तर ठरलेले असते : रस्त्यावर!

मी बँकेत असताना वाहनकर्जाचे शेकडो अर्ज पाहिले. पगाराचा दाखला, जामीनदार, कोटेशन, विमा, सारे तपासले जाई. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हा रकाना मात्र कुठल्याच अर्जात नव्हता. जपानने १९६२ साली त्यासाठी कायदाच केला. टोकियोत आज घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. आपल्याकडे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये असाच विचार बोलून दाखवला.

आता थोडा हिशेब मांडू. एका मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. दहा बाय बाराच्या खोलीहून अधिकच! तेवढ्या खोलीला पुण्यात भाडे काय पडते, हे शिकायला आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. रस्त्यावर तीच जमीन फुकट मिळते. बँकेच्या भाषेत हे बिनव्याजी, बिनतारणी आणि बेमुदत कर्ज झाले. ते फेडतो कोण? ज्याच्याकडे गाडी नाही तो. काठी टेकत भर रस्त्यातून चालणारे आजोबा फेडतात, दप्तर सावरत वाहनांमधून वाट काढणारी मुलगी फेडते. आणि बोळाच्या तोंडाशी रुग्णवाहिका अडकते, तेव्हा आतला रुग्ण फेडतो. मग तो गाडीवाल्याच्या घरचाही असू शकतो.

महापालिका काहीच करत नाहीत असे नाही. पुण्यातली सम-विषम तारखांची पी-१, पी-२ पद्धत जुनीच. तिने गाड्या या बाजूच्या त्या बाजूला जातात, जागा वाढत नाही. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोध एवढा झाला की, आधी पाचच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले, आणि पुढे काही वर्षे तेही कागदावरच राहिले. मुंबईने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारोंचा दंड सुरू केला. पण दंड हा धाक झाला, व्यवस्था नव्हे.

‘आम्ही रोड टॅक्स भरतो ना?’ असे विचारले जाते. तो कर राज्याच्या तिजोरीत जातो, आणि तो वाहन वापरण्याचा आहे, जागेचे भाडे नव्हे. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत गाडीला जागाच नाही, त्यांनी काय करावे? त्यांना पहिल्या गाडीसाठी माफक दराचा मासिक पास द्यावा. दुसऱ्या गाडीला दर चढा असावा, तिसरीला त्याहून चढा. पैशाची जमा मात्र त्याच पेठेच्या नावे दिसली पाहिजे. अमेरिकेतल्या पासाडेना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत पार्किंगचे मीटर बसवले आणि उत्पन्न तिथल्याच पदपथांवर, दिव्यांवर, स्वच्छतेवर खर्च केले. आपले पैसे आपल्या दारात दिसले, की विरोधाची धार बोथट होते.

गल्लीतला रस्ता ही आपल्या सर्वांची सामाईक ठेव आहे. ती काही जणांनी परस्पर काढून वापरावी आणि बाकीच्यांनी अंग चोरून चालावे, हे कुठल्याच खातेवहीत बसत नाही. मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला नव्या उड्डाणपुलाबद्दल जरूर विचारा. पण त्याआधी एवढेच विचारा : आमच्या गल्लीतून आजीला नातवाचा हात धरून बागेपर्यंत निर्धास्त चालत जाता येईल, असे तुम्ही काय करणार?