सिंफनी परकी, मग वादक कोणाचे?

मुंबईंत सिंफनीच्या आगामी मैफलीची जाहिरात लागली, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक उद्गार ऐकूं येतो : ‘तें आपलें नव्हे, तें पारशांचें आणि साहेबांचें.’ हा उद्गार इतक्या सहजपणें निघतो, कीं त्याला पुरावा लागतो ही गोष्टच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमचें म्हणणें असें, कीं हा समज खोटा तर आहेच. शिवाय तो कृतघ्नपणाचा आहे.

प्रथम ‘आपलें’ या शब्दाचाच विचार करूं. पेटी युरोपांतून आली. तिचे स्वर आमच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दार बंद केलें, व तें तीस वर्षांवर बंद राहिलें. तरी मराठी रंगभूमीनें तिला सोडलें नाहीं, आणि आज भजनी मंडळांचेंही तिच्यावांचून चालत नाहीं. वाद्य कोठून आलें, यावरून आम्हीं त्याचें आपलेपण कधींच ठरविलें नाहीं. मग व्हायोलिनें पन्नास-साठ वाद्यांच्या मेळांत बसलीं, म्हणजेच तेवढीं परकीं कशीं होतात?

कोणी म्हणतील, प्रश्न वाद्यांचा नसून पद्धतीचा आहे. आमच्याकडे एक गायक रागाचा विस्तार करतो. तिकडे अनेक स्वरपंक्ती एकाच वेळीं चालतात, आणि तें आमच्या कानाला मानवत नाहीं. भेद खरा आहे. परंतु कानाची तक्रार खोटी आहे. आमच्या दोन पिढ्या ज्या चित्रपटगीतांवर वाढल्या, त्यांच्यामागें व्हायोलिन, चेलो व ट्रंपेट यांचा असाच मेळ वाजत होता. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गीतांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनीं बांधले. असे अनेक वादक व संयोजक गोव्यांतून आले. तेथील चर्चच्या शाळांतून लहानपणींच स्वरलिपी शिकविली जात असे. गाणीं आम्हांस पाठ आहेत. तीं सजविणारांचीं नांवें मात्र आम्हीं कधीं विचारलीं नाहींत.

त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत शंभरांवर वादकांचा मेळ उभा करून लता मंगेशकर व मन्ना डे यांच्या गायनासह कार्यक्रम केला. रागसंगीत व सिंफनी यांची सांगड घालण्याची ती धडपड होती. ती फार काळ टिकली नाहीं. आज त्यांचें नांव आमच्या तोंडीं आहे, तें ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटांतील एका विनोदी गाण्यामुळें! तें प्यारेलाल यांनीं आपल्या गुरूला केलेलें वंदन होतें, हें कितीजणांस ठाऊक आहे?

मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढें त्यांना परदेशीं जावें लागलें. आणि त्यांचे चिरंजीव झुबिन यांना १९५४ सालीं शिक्षणासाठीं व्हिएन्ना गांठावें लागलें. त्यांच्या कीर्तीचा अभिमान आम्ही बाळगतों. पण जो वाद्यवृंद त्यांना येथें लाभला असता, तो जगविण्याची तोशीस आम्हीं घेतली नाहीं.

२००६ सालीं नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीतनाट्य केंद्रांत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्यांत पुष्कळ वादक हंगामापुरते परदेशांतून बोलवावे लागले, हें पाहून टीकाकार म्हणतात, ‘पाहा, परकेंच आहे!’ वास्तविक हा दोष त्या संस्थेचा नसून आमचा आहे. यंत्रांतून व्हायोलिनचा आभास निघूं लागला, तेव्हां चित्रपटसृष्टींतील वादकांचें काम गेलें, आणि त्यांच्या मुलांनीं गज हातीं धरण्याचें कारण उरलें नाहीं. तेव्हां आम्हीं हूं कीं चूं केलें नाहीं.

सिंफनी ही धनिकांची करमणूक आहे, हा आक्षेप तेवढा अंशतः मान्य करावा लागतो. संस्थेनें दादर-पार्ल्याकडे वरचेवर यावें, मराठींत परिचयपत्रिका द्यावी, अशी मागणी आम्ही आग्रहानें करूं. परंतु ती मागणी करण्याचा अधिकार श्रोत्याला असतो, घरीं बसून नाक मुरडणाराला नव्हे. पुढची मैफल जाहीर होईल, तेव्हां मुलांना घेऊन जावें. आणि एखाद्या मुलाला व्हायोलिन शिकावेंसें वाटलें, तर ‘तें आपलें नव्हे’ असें सांगून त्याचा हात मागें ओढूं नये.