दुरुस्त होणारें यंत्र व स्वतःचा धंदा

शेतकऱ्याचा मुलगा शेतींत मावेनासा झाला म्हणजे त्यास तालुक्याच्या गांवीं लहानसें दुकान काढून द्यावें, हा विचार आपल्या बहुतेक घरांत एकदां तरी होतो. आमच्या घरीं तो २४ वर्षांपूर्वीं झाला. वडिलांच्या नऊ एकरांत तिघां भावांचा निर्वाह होईना, म्हणून आम्हीं जळलेल्या मोटारी भरण्याचें व स्टार्टर दुरुस्त करण्याचें काम शिकून घेतलें आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लींत एक गाळा भाड्यानें घेतला. तोच धंदा अद्यापि चालू आहे. त्या अनुभवावरून आम्हांस जें सुचलें तें आमच्या बागाईतदार बंधूंपुढें मांडावें, असें बरेच दिवस मनांत होतें. कारण त्याचा संबंध आमच्या गाळ्यापेक्षां तुमच्या विहिरीशीं अधिक आहे.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणींत २०२३-२४ सालीं देशांतील काम करणाऱ्यांपैकीं ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारी ठरले. हा आंकडा वाचून कित्येकांस धन्यता वाटते. परंतु त्यांत आपला शेतकरी आहे, आमच्यासारखा दुकानदार आहे, आणि घरच्या धंद्यांत बिनपगारी राबणारीं माणसेंही आहेत. आमच्या दुकानाचा जमाखर्च आमची पत्नी लिहिते. सरकारी हिशेबीं तीही स्वयंरोजगारी. (हें तिला सांगितलें तेव्हां, पगार कोणाकडे मागावा, एवढेंच तिनें विचारलें.) तेव्हां या शब्दावरून कोणी आपल्या धंद्याचा धनी आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं. तें कळावयाचें तर ज्या यंत्रावर त्याचें पोट चालतें, तें उघडण्याची मुभा कोणाला आहे, हें पाहावें.

आमच्या कामाचेंच उदाहरण घ्या. रात्रीच्या पाळींत तीनांपैकीं एक फेज गेला आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोहोंतील प्रवाह दीडपटीहून अधिक वाढतो आणि वेढे जळतात. अशी मोटार सकाळीं आमच्या दारीं येते. तिचें जळकें तांबें काढून गिऱ्हाइकासमोर तोलावयाचें, वेढ्यांची संख्या व तारेचा गेज वहींत टिपावयाचा, मग नवी तार भरावयाची. विहिरीच्या कांठावरील मोटार असेल तर वार्निश पाजून वाळवावयाची. पाणबुडी असेल तर प्लॅस्टिकचें वेष्टण असलेली तार वापरावयाची, कारण ती मोटार आयुष्यभर पाण्यांतच बसावयाची असते. उसाचें पाणी अडलेलें असेल तर रात्र जागून दुसऱ्या दिवशीं काम पुरें करावयाचें. या सर्व उद्योगांत मोटार कोणत्या कारखान्याची आहे, हें विचारण्याचें कारण पडत नाहीं, आणि कोणाची परवानगीही लागत नाहीं. आमच्या एका गल्लींत मोटारी भरणारे पांच, लेथवाले दोन व बेअरिंग विकणारा एक असे दुकानदार आहेत. मोटार उघडतां येते, म्हणून ही आठ घरें चालतात, आणि तिसऱ्या दिवशीं शेताला पाणीही मिळतें.

यंत्र उघडून पाहणाऱ्या हातांतून पुढें काय निघतें, तें आपल्याच मुलुखानें पाहिलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. सायकल ही त्या काळची नवलाईची विलायती वस्तु, आजच्या मोबाईलासारखीच. त्या दुकानदारानें पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर घडविला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसली. ज्यास नुसत्या सीलबंद पेट्या विकण्याची मुभा आहे, त्याच्या हातून असा नांगर निघणें कठीण.

आतां मोबाईल स्टार्टराकडे वळूं. आम्ही नव्या यंत्राचे द्वेष्टे नाहीं. अंथरुणावर पडल्या पडल्या फोन लावावा आणि मळ्यांतील मोटार सुरू व्हावी, वीज आली-गेली तें त्यानेंच कळवावें, विहिरीचें पाणी तुटलें तर आपोआप बंद व्हावें, हें सुख लहान नव्हे. रात्रीं दोन वाजतां बांधावरून चालतांना ज्यानें पायाखालीं साप किंवा उसांतून बिबट्या पाहिला आहे, त्यास त्याची किंमत सांगावयास नको. आम्हीं स्वतः असे स्टार्टर पुष्कळ बसविले. परंतु अलीकडे येणाऱ्या कित्येक स्टार्टरांतील पाटी काळ्या चिकट रसांत बुडवून घट्ट केलेली असते, तिच्यावरील खुणा खरवडलेल्या असतात, आणि तिचा नकाशा मागितला तर कंपनी देत नाहीं.

गेल्या फाल्गुनांत एक कांदा बागाईतदार आमच्याकडे अशीच पेटी घेऊन आले. कांदा फुगवणीवर होता. बाहेरचा कॉन्टॅक्टर चांगला, रिले चांगला. दोष आंतल्या पाटींत. कंपनीस फोन केला तेव्हां, माणूस जिल्ह्याहून येईल, तोंवर पेटीस कोणी हात लावल्यास हमी रद्द होईल, असें उत्तर मिळालें. माणूस नवव्या दिवशीं आला आणि पाटी बदलावी लागेल म्हणून सांगून गेला. पाटीची किंमत नव्या स्टार्टराच्या दोनतृतीयांशाइतकी! तोंवर कांदा कशावर तगला म्हणाल, तर त्यांच्या गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या हिरव्या-लाल बटणांच्या जुन्या स्टार्टरावर. आम्हीं तो उतरवून, टोकें घासून, दोन तासांत जोडून दिला. जुना स्टार्टर भंगारांत घालूं नये, असें तेव्हांपासून आम्ही प्रत्येकास सांगतों.

सिमकार्डाचेंही थोडें सांगितलें पाहिजे. स्टार्टरास इंटरनेट लागत नाहीं; त्यास फक्त फोन घेणें व निरोप पाठविणें एवढेंच ठाऊक. तरी कित्येक शेतकरी वर्षानुवर्षें त्याच्यासाठीं डेटासह रिचार्ज भरीत होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें नियम करून, केवळ बोलणें व संदेश यांपुरते वेगळे रिचार्ज ठेवण्यास कंपन्यांस भाग पाडलें. आमच्या गिऱ्हाइकांपैकीं फार थोड्यांस हें ठाऊक आहे; वाचकांनीं आपल्या स्टार्टराचें रिचार्ज एकदां तपासून पाहावें.

आमची स्वतःची फजिती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं अशाच एका मालाची तालुक्यापुरती एजन्सी घेतली. दर पेटीमागें दलाली बरी होती. अट एवढीच कीं, प्रत्येक गिऱ्हाइकाचें नांव, गांव व फोन कंपनीच्या अॅपांत नोंदवावा. आम्हीं बिनदिक्कत नोंदविले; वीस वर्षांची ओळखीपाळखीची माणसें आम्हीं दीड वर्षांत कंपनीच्या वहींत चढविलीं. नंतर कंपनीनें त्याच फोनांवर परस्पर विक्री सुरू केली आणि आमची एजन्सी संपविली. पेट्या बिघडल्या म्हणजे शिव्या मात्र आमच्याच दुकानीं येत, कारण कंपनीचें दार कोणासच माहीत नव्हतें. यांत फसवणूक झाली असें आम्ही म्हणत नाहीं. करारनाम्यावर सही आमची होती. आम्ही स्वतःस दुकानदार समजत होतों आणि काम मात्र बिनपगारी गुमास्त्याचें करीत होतों, एवढें उशिरां ध्यानांत आलें.

हाच प्रश्न आतां सौर पंपांच्या रूपानें मोठा होऊन येत आहे, आणि त्याकडे आपल्या मंडळींचें लक्ष फारसें नाहीं. २०१९ सालच्या पीएम-कुसुम योजनेपासून, आणि आपल्या राज्यांत २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनेनें, हे पंप शिवारोशिवार बसले. सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें ५ टक्के भरावे, बाकीचें अनुदान. दिवसा पाणी, विजेचें बिल नाहीं. योजना चांगली आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पांच वर्षें दुरुस्तीची हमीही आहे. आमचा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. यांपैकीं कित्येक पंपांची मोटार चुंबकी डी. सी. पद्धतीची असते. ती कंट्रोलरावांचून मुळींच फिरत नाहीं; तारांच्या विजेवर थेट जोडूं म्हटलें तर तीही सोय नाहीं; आणि एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या मोटारीस बहुधा जुळत नाहीं. पॅनेलें २५ वर्षें चालतील असें सांगतात. तीं चालतीलही. परंतु मधला कंट्रोलर सातव्या वर्षीं बंद पडला, आणि तो पुरविणारी कंपनी तोंवर दुसऱ्याच धंद्यास लागली असली, तर त्या चकचकीत पॅनेलांखालीं शेळ्या बांधण्यापलीकडे शेतकऱ्यानें काय करावें?

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाहीं. पाटी रसांत बुडविली नाहीं तर पावसाळ्यांत ओल शिरते, पाली व मुंग्या घर करतात. शिवाय गल्लींतला कारागीर अर्धवट शिकलेला असून तो चांगलें यंत्र बिघडवितो, असें कंपन्यांचें म्हणणें आहे. ओलीची गोष्ट खरी आहे. कारागिराविषयीं बोलावयाचें तर आमच्या धंद्यांत वेढे कमी भरणारे, तांब्याच्या नांवाखालीं ॲल्युमिनियमची तार घालणारे लोक आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. अशांकडे एकदां गेलेलें गिऱ्हाईक पुन्हां जात नाहीं, इतकेंच. परंतु ओलीपासून रक्षण रबरी पट्टीच्या झांकणानेंही होतें, आणि खुणा खरवडण्याचा ओलीशीं कांहीं संबंध नाहीं. अर्धवट कारागिरावर उपाय त्यास नकाशा देणें व शिकविणें हा आहे. त्याच्या हातचें काम काढून घेतल्यानें तो अधिक शहाणा कसा होईल, हें आम्हांस कळत नाहीं.

नव्या गोष्टी खुल्या असूं शकतात, याचा दाखला आमच्या गल्ल्यावरच चिकटविलेला आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयची ती चौकोनी चिठ्ठी. गिऱ्हाईक कोणत्याही कंपनीचें अॅप वापरो, पैसे आमच्या बँकेंत येतात; बँकखात्यांतून केलेल्या भरण्यावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदारास दलाली नाहीं; आणि एका कंपनीशीं पटलें नाहीं तर तिची चिठ्ठी काढून दुसरीची लावतां येते. पैशांच्या बाबतींत जें साधलें, तें स्टार्टराच्या बाबतींत साधूं नये असें कांहीं नाहीं.

सरकारचें लक्ष या विषयाकडे गेलेलें आहे. ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिती नेमली, आणि पहिल्या चार वर्गांत मोबाईल, घरगुती वस्तु व मोटारगाड्या यांच्याबरोबर शेतीचीं अवजारें घातलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळही निघालें. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यानें मात्र २०२३ सालीं कायदाच केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, आणि शेतीयंत्रें बनविणारांस सुटे भाग, हत्यारें व माहितीपत्रकें शेतकऱ्यास व स्वतंत्र कारागिरास देणें भाग पडलें. तेथें ही मागणी शेतकऱ्यांनीं लावून धरली होती.

आपल्या संघानें कायद्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. संघामार्फत स्टार्टर, फवारणीचे पंप, ठिबकाचे कंट्रोलर यांची एकत्र खरेदी होते, आणि शंभर नगांचा खरेदीदार दारांत उभा राहिला म्हणजे कंपनीचा प्रतिनिधि खुर्ची पुढें करतो. त्या वेळीं दराबरोबरच पाटीचा नकाशा मिळेल काय, सुटे भाग किती वर्षें व कोणत्या किंमतीस मिळतील, आणि गांवच्या कारागिरानें पेटी उघडल्यास हमी राहील काय, एवढें लेखी विचारावें. उत्तर न देणाऱ्याचा माल दहा टक्क्यांनीं स्वस्त पडला तरी तो नाकारण्याची तयारी ठेवावी. सौर पंपाचा पुरवठादार निवडतांनाही प्रत्येकानें स्वतः हेंच विचारावें, कारण तेथें निवड शेतकऱ्याची असते.

आमचा भाचा गेल्या वर्षापासून दुकानांत येतो. डिप्लोमा झालेला आहे, आणि मोटारी भरण्यापेक्षां त्यास त्या काळ्या रसांतल्या पाट्यांचा नाद अधिक. गरम हवेच्या बंदुकीनें रस मऊ करून, दाभणानें उकरून, त्यानें आतांपर्यंत अकरा पाट्या उघडल्या. त्यांपैकीं चार चालू झाल्या, सात कायमच्या गेल्या. प्रत्येकीचा नकाशा तो वहींत काढून ठेवतो. हा धंदा त्यास द्यावा कीं पुण्यास नोकरी पाहा म्हणावें, याचा निर्णय आम्हीं येत्या दिवाळीपर्यंत लांबविला आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं अशा बंद पडलेल्या पाट्या पडून असतील, तर त्या भंगारांत न घालतां आमच्याकडे पाठवाव्या. वाहतुकीचा खर्च आम्ही देऊं.