शासन निर्णय आणि बाईंचं कपाट

"मॅडम, शाळेसाठी किती जोड लागतात हो?"

आमच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या एका बाईंनी मला हे विचारलं, तेव्हा 15 मार्च 2024 चा शासन निर्णय नुकताच आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडला होता. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा घालावा. शिक्षकांनी शर्ट-पँट, तीही फिकट शर्ट आणि गडद पँट, शर्ट खोचलेला. जीन्स-टी शर्ट नको, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. नावाआधी डॉक्टर-वकिलांसारखं इंग्रजीत 'टीआर' आणि मराठीत 'टि' लावावं, असंही त्यात होतं. स्टाफरूममध्ये हशा पिकला. एक सर म्हणाले, "वीस वर्षं जे घालतोय तेच घालायचं, फक्त आता शासनाच्या आदेशानं!"

त्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या शिक्षणसेवक आहेत. जानेवारी 2023 पासून शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं. प्राथमिकला 6,000 चे 16,000 आणि माध्यमिकला 8,000 चे 18,000 झाले. वाढलं हे खरंच आहे. पण त्यातून खोलीचं भाडं, जीपचं भाडं आणि गावी आईला पाठवायचे पैसे वजा केले की साडी, फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई यांचा हिशेब अवघड होतो. म्हणून त्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. पेहरावावर बोलणारे पुष्कळ असतात. किती जोड लागतात आणि ते कसे निभवायचे, हे सांगणारं कुणी नसतं.

मी त्यांना सांगितलं, पाच जोड आणि दोन साड्या. बस्स.

आता हे पाच कोणते, तर त्यातले तीन पावसाळ्याचे. मोखाड्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. इथं जून ते सप्टेंबर कॉटनचा कुर्ता दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो आणि कपाटात ठेवलेल्या कपड्यांवर बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात मिश्र धाग्याचं कापड, रात्री दोरीवर टाकलं तर सकाळी अंगावर घालता येईल असं. उरलेले दोन जोड सुती, उन्हाळ्यासाठी. सलवार नेहमी गडद, कारण लाल मातीचे शिंतोडे पोटरीपर्यंत येतातच. कुर्ता मात्र काळा-निळा नको, खडूची पूड त्यावर लगेच दिसते. बाही सैल हवी, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात उचलला तरी कुर्ता वर चढता कामा नये. घेर मोठा हवा, कारण पहिलीच्या मुलांजवळ खाली बसावं लागतं. आणि शिंप्याला बजावून एक खिसा करून घ्यायचा. बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो, पण खडू, किल्ली आणि फोन बायकांकडेही असतात.

पायात पावसाळ्यात रबरी सँडल. कोरडा जोड शाळेच्या कपाटात. इस्त्री रविवारी संध्याकाळी, पाचही जोडांची एकदमच, कारण सोमवारी सकाळी वीज असेलच याची खात्री नाही.

दोन साड्यांपैकी एक सुती, काठाची, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीसाठी. दुसरी लग्नाकार्याला आणि सत्कार-निरोप समारंभाला. निवडणूक ड्यूटीला साडी नेसू नये, हे अनुभवाचे बोल आहेत. मतदान केंद्रावर आदल्या रात्री सतरंजीवर झोपायचं असतं, तिथं सर्वात जुना, सैल, गडद जोडच उपयोगी पडतो. आणि पर्समध्ये एक पांढरी ओढणी कायम घडी घालून ठेवलेली असावी. मोहल्ल्यात मयत झाली तर शाळेतून परस्पर जाता येतं, घरी जाऊन कपडे बदलावे लागत नाहीत.

हे सगळं मला बी.एड.ला कुणी शिकवलं नाही. तिथं एवढंच सांगायचे की सराव पाठाच्या दिवशी साडी सक्तीची. आम्ही मुली पिना टोचून टोचून साडी सांभाळायचो आणि सगळं लक्ष पदराकडे. पाठ कसा झाला याचं भान कुणाला? मला कपड्याचं शहाणपण मिळालं ते अब्बांकडून. ते शिंपी होते. कोळशाची इस्त्री, पायाचं मशीन आणि दिवाळीच्या आधी पाड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांची रांग. पोराला नवा शर्ट घालून बघितला की ते बापाला विचारायचे, "खेळायला पळाला का?" पोरगं बाह्या ओढत उभं राहिलं तर शर्ट पुन्हा उसवायचा. त्यांचं म्हणणं असं की कपडा नीट बसला की माणूस त्याला विसरतो.

शिक्षकाच्या पेहरावाला माझ्या मते हीच कसोटी लावावी. मला माझा कपडा विसरता आला पाहिजे आणि समोरच्यालाही. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे, हे मला एका पालक सभेनं शिकवलं.

त्या दिवशी कार्यक्रम होता म्हणून मी समारंभाची साडी नेसले होते. एका विद्यार्थिनीची आई आली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, अनवाणी पाय. ती व्हरांड्यातच थांबली. मी दोनदा आत बोलावलं. ती म्हणाली, "मी इथंच बरी, बाई." सभा संपायच्या आत ती निघूनही गेली. पुढच्या आठवड्यात मी रोजच्या, धुऊन विटलेल्या कुर्त्यात पाड्यावर गेले आणि तिच्या ओट्यावर बसले. तेव्हा तिनं सांगितलं की दिवाळीनंतर सगळं कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार आणि पोरगीही जाणार. आम्ही तासभर बोललो. पोरगी आजीजवळ राहिली, तिचं वर्ष वाचलं. केवळ माझ्या कुर्त्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या साडीत ती मला हे सांगायला आली होती आणि न सांगता परत गेली, एवढं मला माहीत आहे.

'सभ्य पेहराव' म्हणताना आपण बहुतेक वेळा वरच्याकडे बघतो. तपासणीला येणारा अधिकारी काय म्हणेल, संस्थाचालक काय म्हणतील. आपल्यासमोर रोज बसतं ते मूल आणि दारात उभी असते ती त्याची आई. त्यांच्या बाजूनं बघितलं तर सभ्य कपडा म्हणजे स्वच्छ, नीट शिवलेला आणि त्यांना संकोच न वाटू देणारा. मग तो साडी असो की सलवार.

आता माझ्या डोक्यावरच्या ओढणीबद्दल. ती टाळून हा विषय पुरा होत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "हे डोक्यावरचं वर्गात काढाल ना?" शिकवण्याबद्दल त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. ती नोकरी मला मिळाली नाही. काही वर्षांनी प्रजासत्ताक दिनाला मी साडी नेसून झेंडावंदनाला गेले, तेव्हा आपल्याच एका बुजुर्गांनी घरी निरोप पाठवला की मास्तरीण झाली म्हणून लिबास सोडू नये. पदर डोक्यावर होता, पण त्यांचं समाधान झालं नाही. एका बाजूला मी जास्त झाकलेली, दुसऱ्या बाजूला कमी. दोन्हीकडच्या लोकांना माझा चौथीचा वर्ग वाचायला कसा शिकला, यात रस नव्हता.

2024 मध्येच चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं जूनमध्ये त्यांची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. या काळात आमच्या स्टाफरूममध्येही चर्चा झाली. एका सरांनी मला मनापासून विचारलं, "मॅडम, बाबासाहेबांनी तर खुणा टाकून द्या सांगितलं होतं ना?"

प्रश्न चांगला होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना खरंच सांगितलं होतं की ज्या पद्धतीच्या लुगड्यानं आणि दागिन्यांनी तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती पद्धत सोडा. दुसऱ्या दिवशीपासून बायकांचं नेसणं बदललं, असं महाडच्या आठवणींत सांगतात. पण ती खूण त्यांच्यावर लादलेली होती. कुणी कसं नेसावं हे वरच्या जातींनी ठरवलेलं होतं, आणि बाबासाहेबांनी तो अधिकार त्या बायकांच्या हातात दिला. मी त्यातून असा अर्थ घेते की खूण टाकायची की ठेवायची हे जिच्या अंगावर कपडा आहे तिनं ठरवावं. माझी ओढणी मी ठरवलेली आहे. माझ्या शेजारणीनं ती नको म्हटलं तर तोही तिचा निर्णय. आणि हेच मी आपल्या बुजुर्गांनाही सांगते. कुरआनात लिबासचा विषय येतो तिथं अंग झाकणं, शोभा आणि तक्वा हे तिन्ही एकाच आयतीत येतात, आणि श्रेष्ठ ठरवलाय तो तक्व्याचा लिबास. तो मोजायची पट्टी कोणत्याही मोहल्ल्याकडे नाही.

मुलांचा अनुभव सांगायचा तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पोरं माझ्या ओढणीकडे बघतात. एखादी विचारते, "बाई, डोकं दुखतंय का?" मी हसते. तिसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही. मुलं विसरतात. मोठ्यांनाच ते जमत नाही.

शेवटी शासनाबद्दल. ज्या वर्षी शिक्षकांच्या शर्टाची चर्चा झाली, त्याच वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत राज्यभर मुलांचे गणवेश वेळेवर पोचले नाहीत. आले तेव्हा अनेकांना मापात बसले नाहीत. वर्ष संपता संपता गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. मंत्रालयात बसून पहिलीतल्या पोराचं माप घेता येत नाही, हे तिथं मान्य झालं. मग शिक्षकाचं माप तरी तिथून कसं घेणार? मोखाड्याचा पाऊस आणि विदर्भाचं ऊन एका परिपत्रकात बसत नाही. शासनानं दोन ओळी लिहिल्या असत्या तरी पुरे होतं: कपडे स्वच्छ आणि कामाला सोयीचे असावेत, आणि कपड्यावरून कुणाची नोकरी अडवू नये. दुसरी ओळ मात्र अजून कुणी लिहिलेली नाही.

त्या नव्या बाईंना मी पाच जोड सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडे तीनच आहेत."

मी म्हटलं, सावित्रीबाई दोन साड्यांवर शाळा चालवत होत्या असं सांगतात. एक वाटेत अंगावर पडणारा शेण-चिखल झेलायला आणि दुसरी शिकवायला. तुमचे तीन आहेत. दिवाळीपर्यंत चौथा करू, कापड मी दाखवते. शिंपी माझ्या माहितीचा आहे, खिसा विसरत नाही.