लोहाची गोळी सोसेल अशी द्या

बाईच्या अंगात रक्त कमी आहे असे कळले की आपल्याकडे खापर लगेच बाईवरच फुटते. नीट जेवत नाही, उपास करते, फुकट दिलेल्या गोळ्याही घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण 53 टक्के होते. महाराष्ट्रात ते 48 वरून 54 टक्क्यांवर गेले. गरोदरपणात 180 दिवस लोहाची गोळी घेतल्याचे सांगणाऱ्या माता देशभरात 26 टक्के होत्या. ही गोळी सरकारी कार्यक्रमात 1970 पासून आहे, आशाताई ती घरपोच देतात, तरी कितीतरी पाकिटे फळीवर पडून राहतात. हा आळस नाही. ज्या गोळीने पोट ढवळते, तोंडाला लोखंडाची चव येते आणि तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, ती सोडून देणे हा शहाणपणाचाच निर्णय असतो. तेव्हा गोळी सोसणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा, आणि तो साधण्याचा पहिला मार्ग महागडा ब्रँड नसून कमी आणि विरळ डोस हा आहे.

त्रास होतो ही कुरकुर नाही, मोजलेली गोष्ट आहे. 2015 साली 43 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात फेरस सल्फेट घेणाऱ्यांमध्ये पोटाच्या तक्रारींची शक्यता खोटी गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक भरली. कारण सरळ आहे. आतडे गोळीतल्या लोहाचा लहानसा वाटाच उचलते आणि उरलेले सगळे खाली मोठ्या आतड्यात जाते. मळ काळा होतो तो त्यामुळेच, आणि तो निरुपद्रवी असतो. हे आधी सांगितले नाही तर मात्र बाई घाबरून गोळी बंद करते. आतडे किती उचलणार हे हेप्सिडिन नावाचे, यकृतात तयार होणारे संप्रेरक ठरवते. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढते आणि साधारण दिवसभर आतड्याचे दार अर्धे लोटून घेते. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या लोटलेल्या दारावर जाऊन थडकते. झुरिचच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये लोहाचा साठा आटलेल्या तरुण स्त्रियांवर हे मोजून पाहिले. 60 मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तेव्हा त्यातले सुमारे 16 टक्के लोह अंगी लागले, एक दिवस आड घेतली तेव्हा सुमारे 22 टक्के. दिवसाचा डोस सकाळ-संध्याकाळ विभागून घेण्यानेही फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र ‘जेवणानंतर दोन वेळा’ अशी चिठ्ठी अजून सर्रास लिहिली जाते.

इस्रायलमधली 2005 ची एक चाचणी या बाबतीत जास्त बोलकी आहे. ऐंशी ओलांडलेल्या रक्तक्षयी रुग्णांना रोज 15, 50 किंवा 150 मिलिग्रॅम लोह दिले गेले. दोन महिन्यांनी तिन्ही गटांचे हिमोग्लोबिन जवळपास सारखेच वाढले होते; पोटाचा त्रास मात्र डोस वाढेल तसा वाढत गेला. वर म्हटलेल्या 43 चाचण्यांच्या आढाव्यात डोस आणि त्रास यांचा असा ठळक संबंध दिसला नव्हता, हे कबूल करायला हवे. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या रुग्णांच्या चाचण्या शेजारी ठेवून काढलेल्या निष्कर्षापेक्षा एकाच चाचणीत तीन डोस समोरासमोर ठेवून केलेली तुलना मला जास्त भरवशाची वाटते.

आता औषधाच्या दुकानात काय होते ते पाहू. गोळी सोसत नाही म्हटल्यावर काउंटरवर दुसरी पट्टी येते, नाव बदललेले, किंमत कितीतरी पट. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, फ्युमरेट किंवा बिसग्लायसिनेट असे काहीतरी असते आणि त्यापुढे ‘एलिमेंटल आयर्न’ इतके मिलिग्रॅम. खरी किंमत या दुसऱ्या आकड्याची, आणि तोच कोणी वाचत नाही. 300 मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये निव्वळ लोह 35 मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेवढ्याच फेरस फ्युमरेटमध्ये शंभराच्या आसपास. ग्लुकोनेट पोटाला मऊ पडते याचे निम्मे रहस्य इथेच उलगडते. आतड्यात हळूहळू विरघळणाऱ्या, लेप दिलेल्या गोळ्या खरोखर त्रास कमी देतात, पण लोह शोषले जाते ते मुख्यतः जठरालगतच्या लहान आतड्यात, आणि ही गोळी पुष्कळदा ते ठिकाण ओलांडून गेल्यावर फुटते. लहान मुलांत फेरस सल्फेट आणि महागडे लोह-पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स यांची तुलना 2017 मध्ये अमेरिकेत झाली. सल्फेटने हिमोग्लोबिन जास्त वाढवले, आणि जुलाबाच्या तक्रारी कॉम्प्लेक्सच्या गटात अधिक होत्या. बिसग्लायसिनेटबद्दल, विशेषतः गरोदर स्त्रियांत, आशादायक निष्कर्ष आहेत. डोस कमी करूनही ज्यांना मळमळ थांबत नाही त्यांनी ते जरूर करून पाहावे. पण ते दुसऱ्या पायरीवर. पहिल्याच दिवशी ते लिहून देणे म्हणजे बाईच्या पर्सवर भार, दुसरे काही नाही.

एक दिवस आड गोळी घेण्यावर दोन वजनदार आक्षेप आहेत. पहिला वेळेचा. प्रत्येक गोळीतून जास्त लोह मिळाले तरी गोळ्याच निम्म्या, त्यामुळे महिन्याचा हिशेब रोजच्या गोळीच्या बाजूने झुकतो. स्वित्झर्लंडमधल्या 2023 च्या चाचणीत तेवढ्याच गोळ्या रोज तीन महिने आणि एक दिवस आड सहा महिने दिल्या गेल्या. लोहाचा साठा शेवटी सारखाच झाला आणि आड दिवसाच्या गटात पोटाचा त्रास कमी होता. वेळ मात्र दुप्पट लागला. तेव्हा जिच्या हातात सहा महिने आहेत अशा कॉलेजातल्या मुलीला किंवा नोकरदार बाईला हा मार्ग खुशाल सांगावा. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या गरोदर बाईला सांगू नये. तिला शिरेतून लोह लागते, प्रसंगी रक्तही. गरोदरपणातला रोज 60 मिलिग्रॅमचा सरकारी नियम कोणी आपल्या मनाने मोडू नये, पण उलट्यांनी गोळी टिकतच नसेल तर काहीच न घेण्यापेक्षा आड दिवसाची गोळी केव्हाही बरी, एवढी मुभा नर्सताईंना आणि डॉक्टरांना उघडपणे हवी. दुसरा आक्षेप विसरण्याचा. रोजची सवय पाळणे सोपे, आड दिवसाचे गणित चुकते. खरे आहे. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवून द्यावेत. वार धरून उपास करणाऱ्या घरांना ते अवघड जायचे कारण नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत लोकप्रिय: गोळ्या कशाला, गूळ-शेंगदाणे खा, अळिवाचे लाडू खा, लोखंडी कढईत भाजी करा. हे सगळे जरूर करावे. पण दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि भारतीय स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला 29 मिलिग्रॅमची. आहाराने झीज थोपवता येते. आटलेली विहीर भरायला गोळीच लागते.

गोळीसोबत काय घेतले जाते यावरही बरेच अवलंबून असते. सकाळच्या चहाबरोबर घेतलेल्या गोळीतले बरेच लोह चहातले टॅनिन बांधून ठेवते. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळीही मिळते, आणि दोन्ही एकदम गिळल्या की लोहाचे शोषण घटते. मध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. सर्वांत विचित्र प्रकार अ‍ॅसिडिटीच्या गोळीचा. लोहाने जळजळ होते म्हणून पॅन्टोप्रॅझोल सुरू होते, त्याने जठरातले आम्ल कमी होते, आणि आम्ल कमी झाले की लोह विरघळत नाही. एका गोळीचा त्रास झाकायला दिलेली दुसरी गोळी पहिलीला निकामी करते आणि दोन्हींचे पैसे बाईच मोजते. अशा वेळी अ‍ॅसिडिटीचे औषध जोडण्याआधी लोहाचा डोस उतरवून पाहायला हवा.

सरकारी अहवालात नोंद होते ती किती गर्भवतींना 180 गोळ्या दिल्या याची. महिनाभराने त्यातल्या किती पोटात गेल्या आणि गेल्या नसतील तर का, हे विचारायला एक मिनिट लागते. त्याच भेटीत हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. गोळी नियमित घेऊनही ते महिन्याभरात हलले नसेल तर ब्रँड बदलत बसू नये. पाळीत अंगावर किती जाते ते विचारावे, जंताचे औषध झाले का ते पाहावे, आणि बाई नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पट्ट्यातली असेल तर सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी.