पाटी नव्हे, वर्ग पाहू या

जून जवळ आला की नांदेड असो वा लातूर, आपल्या वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते : पाचवी झाली, आता लेकरू कुठे घालायचे? पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळेवर समाधान मानणारे पालक सहावीच्या उंबरठ्यावर अस्वस्थ होतात. लातूरच्या बारावीच्या निकालांचा दबदबा एवढा, की काहीजण तेव्हापासूनच शिकवणीच्या फीची तजवीज करू लागतात. नवोदयला थोड्यांचीच निवड होते. उरलेल्यांसाठी शासकीय निवासी शाळा, अनुदानित शाळा, इंग्रजी माध्यम यांची तुलना चालते. निर्णय मात्र बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून होतो.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. शाळेलाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. ३५ विद्यार्थ्यांमागे एक हवा. आपण पाटीवरचे माध्यम पाहतो; गणित कोण शिकवतो, हे किती पालक विचारतात? सातवीच्या मुलाला भागाकार येतो का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ग्रंथालयाचे कपाट उघडते का, हे तासाभरात पाहता येते.

मुलाला खासगी शाळेत घालणाऱ्या पालकाला आम्ही दोष देत नाही. आपल्या लेकराचे भले पाहणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असल्यास तेथे शिक्षकाचे पदच न देण्याचा निकष आणला. म्हणजे आपण एकेक करून बाहेर पडलो, तर मागे राहिलेल्यांचा शिक्षकही जातो. मागे राहतात ती ऊसतोड मजुरांची, वीटभट्टीवरची, धुणीभांडी करणाऱ्या मायबहिणींची लेकरे. गावातली सातवी बंद झाली की मुलगा सायकलने दुसऱ्या गावी जातो. मुलगी घरी बसते.

निवासी शाळा हे यावरचे पूर्ण उत्तर नव्हे, हे आम्ही याच स्मरणिकेत नम्रपणे नमूद करतो. वसतिगृहातल्या जागा मोजक्या असतात; वस्तीतली लेकरे असंख्य.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हाची गळती चौथीच्या आत होती. आज आपल्या काळजीचा टप्पा सहावी ते आठवी आहे.

उपाय हाताशी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. या समित्या सहीपुरत्या उरल्या असतील, तर तो दोष आपलाही आहे. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपली मुले कुठेही शिकत असोत. महिन्यातून एक दिवस आपल्या वस्तीतल्या शाळेला द्या. रिक्त पदासाठी समितीचा ठराव घडवून आणा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याचा पाठपुरावा करा, सातवीच्या मुलांना गणित शिकवा. ज्या शाळेने आपल्याला घडवले, तिचे ऋण फेडण्याचा याहून योग्य मार्ग आम्हांला दिसत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!